अंगण वांकडें

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या दारीं मोटार नव्हती हें उघड आहे. असती, तर अंगणाऐवजीं त्यानें मोटारीच्या ब्रेकाचेंच नांव घेतलें असतें अशी आमची खात्री आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरूं लागली कीं सर्वांच्या तोंडून एकच वाक्य निघतें, 'डिस्क वांकडी झाली.' मालक तेंच म्हणतो, शेजारी तेंच म्हणतो, आणि बिल करणारा कारखानदारही तेंच लिहितो. आम्हीही कित्येक महिने तेंच म्हणत होतों. वांकडेपणा होता खरा, पण तो डिस्कमध्यें नव्हता. तो कोठें होता हें शोधून काढण्यास आम्हांस किती दिवस लागले, व तेवढ्या दिवसांत घरांतील एका निरपराध व्यक्तीस काय सोसावें लागलें, तें सांगण्याकरितां हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमची गाडी लहान, पांच माणसांची व सात वर्षांची. गेल्या पावसाळ्यांत एका विवाहानिमित्त सहकुटुंब पुण्याहून मुंबईस गेलों असतां, खंडाळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीस आल्यावर आम्हांस प्रथम तो विकार जाणवला. ब्रेकवर पाय ठेवला कीं हातांतलें स्टिअरिंगचें चक्र, हिंवतापाची हुडहुडी भरल्याप्रमाणें कांपूं लागे. पाय काढला कीं सारें शांत. पुण्यास परतल्यावर आम्हीं गाडी एका मोठ्या, कांचेच्या भिंतींच्या कारखान्यांत नेली. तेथील तरुण गृहस्थानें गाडीकडे फारसें न पाहतां, बहुधा आमच्याकडे पाहूनच, निदान केलें कीं पुढच्या दोन्ही डिस्क वांकड्या झाल्या आहेत. कोणीं कांहीं मोजलें नाहीं, कीं कांहीं विचारलें नाहीं. नव्या डिस्क बसल्या, नवे पॅड बसले, बिल आलें व थरथर गेली. रोग गेला कीं वैद्याची परीक्षा कोण घेतो? आम्हीं पैसे दिले व समाधानानें घरीं आलों.

संक्रांतीच्या सुमारास ती परत आली. या खेपेस ती प्रथम आम्हांस जाणवली नाहीं, आमच्या कन्येस जाणवली. ती नुकतीच नोकरीस लागली होती व महिनाभर गाडी रोज तिच्याच हातीं होती. एके दिवशीं संध्याकाळीं चप्पल काढतां काढतां ती म्हणाली, "बाबा, ब्रेक दाबला कीं पुन्हां चक्र थरथरतें आहे."

आम्ही चहा पीत होतों. पेला खालीं न ठेवतांच आम्हीं उत्तर दिलें, "तूं ब्रेक फार जोरानें मारतेस. नव्या डिस्क चार महिन्यांत वांकड्या करून ठेवल्यास!"

वाचकांनीं आमच्या तर्कशास्त्राकडे क्षणभर लक्ष द्यावें. गाडी वीस वर्षें चालविणारे आम्ही आणि एक महिना चालविणारी ती. बिघाड झाला तो तिच्या महिन्यांत. अर्थात् बिघाड तिनें केला! शिवाय तो सांगत आली तीही तीच. न्यायाधीशास याहून अधिक पुरावा तो कोणता हवा? देवघराशेजारच्या खुंटीवरची किल्ली आम्हीं त्याच रात्रीं काढली व आपल्या कपाटांत ठेवली. तिची आई एवढेंच म्हणाली, "गाडी हलते म्हणून तिनें सांगितलें, हलविली म्हणून नव्हे." हें वाक्य आम्हांस त्या वेळीं निव्वळ पक्षपाताचें वाटलें.

कन्या कांहींच बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीं सव्वासातची बस धरूं लागली. गाडी दारांत उभी राहिली, आणि आम्ही गाडी वांचविल्याच्या आनंदांत राहिलों.

हा आनंद किती टिकला असता कोण जाणे! पण पुढें दोन आठवड्यांनीं एक क्षुल्लक गोष्ट घडली. स्वयंपाकघरांतील नळ रात्रंदिवस ठिबकत असून भिंतीस ओल धरली आहे असें आमच्या ध्यानांत आलें. चौकशी करतां समजलें कीं कन्येनें तो आठवड्यापूर्वींच पाहिला होता. "मग सांगितलें कां नाहींस?" असें आम्हीं विचारलें. ती सहज म्हणाली, "मीच बिघडविला असें म्हणाल, बाबा."

तिच्या आवाजांत राग असता तर आम्हीं त्यास रागानेंच उत्तर दिलें असतें. पण तो नव्हता. हवा गार पडली आहे असें एखाद्यानें सांगावें, तसें तिनें तें सांगितलें. त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप आली नाहीं. जो दोष प्रथम पाहतो व निर्मळपणें सांगतो, त्यालाच दोषाचा धनी ठरविण्याची जी रीत कचेऱ्यांत आणि संस्थांत चालते व जिच्यावर आम्ही चारचौघांत तावातावानें बोलतों, तीच रीत आम्हीं आपल्या घरांत सुरू केली होती. अशा घरांत दोष कमी होत नाहींत; ते सांगणारीं माणसें तेवढीं कमी होतात.

नळ दुरुस्त करण्यास अर्धा तास लागला. गाडीचें काय तें आतां पाहणें प्राप्त होतें. एका स्नेह्याच्या सांगण्यावरून आम्ही पत्र्याच्या शेडमध्यें काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलों. आम्हीं जातांच सांगितलें, "डिस्क वांकड्या झाल्या आहेत, बदलून द्या." त्यांनीं हात पुसले व विचारलें, "साहेब, औषध मागून मिळेल. पण दुखणें प्रथम कोणाच्या ध्यानांत आलें?"

"मुलीच्या," आम्ही म्हणालों.

"मग त्यांना घेऊन या. ज्याला दिसलें त्यालाच विचारावें लागतें."

आपल्या वैद्यकांत माधवकराचा 'माधवनिदान' हा सबंध ग्रंथ रोग ओळखण्यासाठींच वाहिलेला आहे. ओळखणें हें बरें करण्याहून वेगळें व त्याच्या आधीचें शास्त्र आहे हें त्या पंडितास जितकें कळलें होतें, तितकेंच या मिस्त्रींसही कळलें होतें. पुढल्या रविवारीं सकाळीं, बाह्यवळणाच्या मोकळ्या रस्त्यावर कन्या गाडी चालवीत होती, मिस्त्री तिच्या शेजारीं बसले होते, आणि आम्ही मागच्या आसनावर आरोपीच्या वडिलांप्रमाणें अंग चोरून बसलों होतों.

"थरथर हातांत कीं बैठकींत?" मिस्त्रींनीं विचारलें.

"हातांत. बैठकींत नाहीं."

हातांत असेल तर संशय पुढच्या चाकांवर; बैठकींत व पायांखालीं असेल तर मागच्यांवर. मग त्यांनीं तिला ब्रेक न लावतां ८० च्या वेगानें जावयास सांगितलें. गाडी निश्चल. म्हणजे चाकांचें बॅलन्सिंग बिघडलेलें नाहीं, कारण तें बिघडलें असतें तर ब्रेकाची वाट न पाहतांच चक्र हललें असतें. पुढें रस्ता अगदीं रिकामा पाहून, वेग कमी ठेवून, त्यांनीं हातब्रेक हळूच ओढविला. तो मागच्या चाकांवर चालतो. तरीही थरथर नाहीं. "कोणत्या वेगाला जास्त?" या प्रश्नावर कन्या क्षणाचाही विलंब न लावतां म्हणाली, "८० वरून ६० वर येतांना सर्वांत जास्त. ४० च्या खालीं जवळजवळ नाहीं. आणि सकाळीं गाडी थंड असतांनाही आहे." महिनाभर तिनें गाडी केवळ चालविली नव्हती, ऐकलीही होती. आम्हांस वीस वर्षांत असलें एकही उत्तर देतां आलें नसतें.

शेडमध्यें परत आल्यावर गाडीचें पुढचें अंग जॅकवर उचललें. डाव्या चाकाचे चार नट सोडतांना एक अगदीं सहज सुटला. दुसऱ्या दोघांना पान्यास लांब पाइप लावून दोघांनीं जोर करावा लागला. मिस्त्रींनीं मान वर केली. "या चाकाला शेवटचा हात कोणाचा लागला?"

शेडमध्यें शांतता पसरली. कन्या पत्र्याच्या छताकडे पाहूं लागली. दिवाळीच्या आधीं तळेगांवाच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली होती, आणि स्टेपनी चढवितांना नट ढिले राहूं नयेत म्हणून पान्याच्या दांड्यावर दोन्ही पायांनीं उभें राहून आम्हीं जो पराक्रम केला होता, तो तिनें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला होता. पण ती बोलली नाहीं. "आमचाच," आम्ही म्हणालों.

पुढें घरीं येऊन आम्हीं या पराक्रमाचें गणित मांडलें. ७० किलो वजनाचा गृहस्थ ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोंकावर उभा राहिला, तर नटावर सुमारें २०० न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. लहान गाड्यांच्या नटांस बहुधा ८५ ते ११० पुरे असतो. त्यांतून एक नट असा आवळलेला व दुसरा हातानेंच फिरविलेला, म्हणजे मागची डिस्क एका बाजूनें दाबली गेलीच.

ही डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी. ब्रेक दाबला कीं कॅलिपर नांवाचा चिमटा दोन पॅड तिच्या दोन्ही गालांवर दाबतो आणि गाडीचा वेग उष्णता होऊन तिच्यांत उतरतो. ही युक्ति इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं पेटंट केली. पण ती जगाच्या नजरेंत भरली १९५३ सालीं, जेव्हां फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत असे ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनें जिंकली. तबकडी उघड्या वाऱ्यांत फिरत असल्यामुळें लवकर निवते, हा तिचा मोठा गुण. पण ती चाकाच्या हबवर अगदीं सरळ बसली पाहिजे, हें तिचें मोठें पथ्य.

मिस्त्रींनीं चाक काढून तबकडी नटांनीं हबवर नीट आवळली, घड्याळासारखें एक डायल गेज तिच्या कडेशीं टेकविलें व ती हातानें सावकाश फिरविली. कांटा ०.१४ मिलिमीटर हालला. पुष्कळ गाड्यांत ही हालचाल ०.०५ ते ०.१० च्या पलीकडे जाऊं देत नाहींत. आमच्या डोक्याचा केंस याच मापाचा असतो हें लक्षांत घेतलें म्हणजे, केवढ्याशा अंतरावरून एका घरांत केवढा अन्याय झाला याची कल्पना येईल. नंतर मायक्रोमीटरनें तबकडीची जाडी आठ ठिकाणीं मोजली. एका बाजूस ती ०.०३ नें कमी भरली. शेवटीं तबकडी काढली, आणि तिच्याखालीं, हबच्या तोंडावर, जुना तांबूस गंज पापुद्रे धरून बसलेला दिसला. नवी डिस्क बसवितांना मोठ्या कारखान्यांत तो कोणीं घांसला नव्हता.

मग मिस्त्रींनीं सारा प्रकार समजावून दिला. तो इतका सरळ आहे कीं आम्हांस आधीं कां सुचला नाहीं याचेंच नवल वाटलें. खालीं गंज आणि वरून नटांचा विषम पीळ, यांमुळें चांगली सपाट तबकडी हबवर किंचित् तिरपी बसली. तिरपी बसली म्हणून ती लगेच थरथरत नाहीं. कॅलिपर तिच्याबरोबर थोडा सरकून घेतो. पण ब्रेक लावलेला नसतांनाही तिची तीच जागा प्रत्येक फेऱ्यास पॅडला चाटून जाते व हजारों किलोमीटर असें घांसत राहिल्यानें तेथें झिजते. तबकडी कोठें जाड, कोठें पातळ होते. त्यानंतर ब्रेक दाबला कीं पॅडखालून जाड-पातळ, जाड-पातळ असा भाग जाऊं लागतो. ८० च्या वेगाला लहान गाडीचें चाक सेकंदास सुमारें बारा वेळां फिरतें, म्हणजे तेवढेच धक्के हातापर्यंत पोंचतात. पंक्चर झालें दिवाळीपूर्वीं, थरथर आली संक्रांतीस. कारण व कार्य यांच्यामध्यें तीन महिने पडले, आणि त्या तीन महिन्यांच्या अखेरीस चक्रावर ज्याचे हात होते तो चोर ठरला.

"उजवीकडची तबकडी सरळ बसली आहे," मिस्त्री पुढें म्हणाले, "पण तिच्यावर काळपट डाग आहेत. घाट कोण उतरतें?"

याही प्रश्नाचें उत्तर एकच होतें. दिवाळींत आम्ही पुन्हां मुंबईस गेलों होतों. घाट उतरतांना गाडी चौथ्या गिअरमध्यें ठेवून ब्रेकवर पाय अखंड टेकवावयाचा, ही आमची वीस वर्षांची पद्धति. तींत आम्हांस सावधपणा वाटत असे. त्या सावधपणाचें मोल असें आहे. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत उतार सुमारें ५०० मीटर उंचीचा. माणसांसह १२०० किलोची गाडी तेवढी खालीं आणावयाची, तर ७२ च्या वेगांतून पूर्ण थांबण्यास जितकी शक्ति गिळावी लागते तिच्या सुमारें २५ पट ब्रेकांनीं लागोपाठ गिळली पाहिजे. इंजिन व वारा यांनीं कांहींच भार उचलला नाहीं असें धरलें, तर त्या उष्णतेनें सुमारें २० लिटर पाण्यास उकळी येईल. असे तापलेले ब्रेक घेऊन आम्ही खोपोलीस वड्यांच्या दुकानासमोर थांबत असूं व गाडी घसरूं नये म्हणून ब्रेक घट्ट दाबून बसत असूं. तापल्या तव्यावर भाकरी चिकटावी तसा पॅडचा मसाला त्या एका जागीं तबकडीस चिकटतो, आणि पुढें प्रत्येक फेऱ्यास पॅड त्या डागावर अडखळतो. पावसाळ्यांतील पहिली थरथर खोपोलीसच कां जाणवली याचा उलगडा आतां झाला. पहिल्या तबकड्याही बहुधा वांकड्या नव्हत्या. आमच्या पायाची मुद्रा त्यांवर उमटली होती.

निदान एवढें लांबलें, पण चिकित्सा थोडक्यांत झाली. हब तारेच्या ब्रशनें व पॉलिश पेपरनें लखलखीत घांसला. तबकडी परत बसविली, तों कांटा ०.०४ वर आला. जाडी मात्र घांसल्यानें भरून येत नाहीं. म्हणून, तबकडीवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षां ती अजून भरपूर जाड आहे हें पाहून, दोन्ही तबकड्या लेथवर हलक्या हातानें सपाट केल्या. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना पुसून ग्रीस लावलें. नट एकाआड एक, समोरासमोरचे, टॉर्क पान्यानें 'कट्' असा आवाज येईपर्यंत आवळले. त्यापुढें एक रेसही नाहीं. शेवटीं कन्येस सांगितलें कीं ५० च्या वेगावरून १० पर्यंत बेताचा ब्रेक लावीत, पण पूर्ण न थांबतां, आठ-दहा वेळां गाडी न्यावी व मग थोडा वेळ ब्रेक न लावतां वारा खाऊं द्यावा, म्हणजे पॅड व तबकडी एकमेकांस ओळखतील. तिनें तसें केलें. परत येतांना तिनें चक्र दोन बोटांत धरून ८० वरून ब्रेक दाबला. गाडी एखाद्या शहाण्या बैलाप्रमाणें मान खालीं घालून थांबली. मिस्त्रींचें बिल पहिल्या बिलाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होतें.

आतां उरली ती दुसरी दुरुस्ती. ती टॉर्क पान्यानें होण्यासारखी नव्हती. आपली चूक मुलांपुढें कबूल करण्याची आम्हां वडीलमंडळींस संवय नसते. शब्द घशाशीं येतात व खांकरून परत जातात. त्या रात्रीं आम्हीं कपाटांतून किल्ली काढली व खुंटीवर लाविली. मग तें पुरेसें नाहीं असें वाटून कन्येच्या खोलीच्या दारांत जाऊन उभे राहिलों व म्हणालों, "चूक आमची होती. तूं बरोबर सांगत होतीस." तिनें वर पाहिलें व "बरं, बाबा," एवढेंच म्हटलें. सारें मिटलें असें आम्हांस त्या दोन शब्दांवरून वाटलें नाहीं. वाटलें तें चार दिवसांनीं. सकाळीं घाईघाईनें डबा उचलतां उचलतां ती म्हणाली, "बाबा, मागचा डावा दिवा लागत नाहीं हं." दिव्याच्या बिघाडाची वार्ता ऐकून एखाद्या गृहस्थास इतका आनंद क्वचितच झाला असेल.

गेल्या महिन्यांत आम्ही पुन्हां मुंबईस गेलों. चक्रावर कन्या होती. खंडाळ्याचा उतार लागण्यापूर्वींच तिनें गाडी खालच्या गिअरमध्यें घातली. इंजिन घुमूं लागलें व गाडीस आपोआप आवर बसला. वळणाआधीं ती ब्रेक एकदांच नेमका दाबी व लगेच सोडी. खोपोलीस गाडी सपाट जागीं लावून तिनें हातब्रेक ओढला व पाय काढून घेतला. सारी वाट चक्र हाललें नाहीं कीं कोणी बोललें नाहीं. उतरतांना मात्र आमचा उजवा पाय भरून आल्यासारखा वाटला. खालीं पाहिलें, तों कारण कळलें. त्या सबंध घाटभर, डाव्या आसनावर बसून, आम्ही रिकाम्या जागीं ब्रेक दाबीत होतों.